चाकांवर रबराचा रंग : हात आखडता घेऊ नका

माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावरचा रबराचा रंग काढायला मला अख्खा रविवार लागला. बाकीची तीन चाकं तासाभरात सोलून झाली होती. रंग एकच, दुकान एकच, मारला तोही एकाच दिवशी. फरक एवढाच, की चौथ्या चाकापाशी येईपर्यंत फोडलेले डबे संपत आले आणि ‘आता एवढ्यासाठी नवा कशाला फोडायचा’ म्हणून मी तीन हातांवर भागवलं.

हा रंग म्हणजे स्प्रेच्या डब्यातलं पातळ केलेलं कृत्रिम रबर. अमेरिकेत १९७०च्या दशकात ‘प्लास्टी डिप’ नावाने तो आला तो पकडी-पान्यांच्या मुठी बुडवून रबरी करण्यासाठी; गाड्यांवर फवारायची टूम नंतरची. त्यातलं सॉल्व्हंट (रबर पातळ करणारा द्रव) उडून गेलं, की पृष्ठभागावर रबराची सलग कातडी उरते. दुधावरची साय जाड असली तर बोटाने अख्खी उचलता येते आणि पातळ असली तर फाटत जाते, तसंच हिचं आहे. त्यामुळे हा रंग पुढे निघणार की नाही, हे तो मारतानाच ठरतं.

चाकं, त्यांच्या व्हील कॅप, पुढची ग्रिल, मागचा लोगो आणि अक्षरं या जागा नवशिक्याला सोयीच्या. बंपरखालच्या खरबरीत, न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकवर मारू नका. रबर त्याच्या खाचांत रुतून बसतं. डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेल्या दाराचंही तेच. तिथला खालचा रंग कच्चा असेल तर सोलताना तोही सोबत येतो. दिवे, नंबर प्लेट आणि पार्किंग सेन्सर यांना हात लावायचा नाही. काही नव्या गाड्यांत पुढच्या लोगोच्या किंवा ग्रिलच्या मागे रडार असतं, तेव्हा आधी गाडीचं माहितीपुस्तक उघडून बघा. अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा असेल तर ‘हा तर निघणारा रंग आहे’ ही सबब चालत नाही. आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे प्रकरण आरटीओपर्यंत जातं. चाकांना आणि लोगोला ही भानगड नाही.

मुहूर्त हिवाळ्याचा धरा. मी पहिला प्रयोग जुलैत केला होता, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत. हवेतला दमटपणा ओल्या रंगात अडकला आणि काळ्यावर राखाडी बुरशीसारखी झाक आली. एप्रिलच्या दुपारी उलट होतं : तापलेल्या धातूवर रंग पोहोचता पोहोचताच वाळतो आणि हाताला पॉलिश पेपरसारखा लागतो. डिसेंबर-जानेवारीतली दहा-अकराची वेळ, सावली आणि जवळपास वारा नसलेली मोकळी जागा उत्तम. बंद गॅरेज नको. या रंगात टोल्यूनसारखी सॉल्व्हंट असतात आणि डब्यातला वायू पेट घेणारा असतो, म्हणजे विडी-सिगारेटही लांबच. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. शेजाऱ्याची गाडी दोन हातांवर उभी असेल तर तिच्यावर जुनी चादर टाका, नाहीतर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा विषय तुम्हीच असाल.

सगळ्यात कंटाळवाणं काम धुण्याचं, आणि तिथेच लोक घाई करतात. भांडी घासायच्या लिक्विड साबणाने चाक आतून-बाहेरून घासा. आऱ्यांच्या कोपऱ्यात ब्रेकची काळी पूड बसलेली असते, तिथे जुना टूथब्रश चालवा. टायर चकचकीत करायचं पॉलिश रिमवर उडालेलं असेल तर त्यातलं सिलिकॉन हा या रंगाचा पक्का वैरी : त्या जागी रंग फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. चाक कोरडं झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका.

चाक काढलं तर काम स्वच्छ होतं. जॅक लावायचा तर सपाट जागेवर, दुसऱ्या चाकांना दगडाची उटी देऊन. काढायचं नसेल तर ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर आऱ्यांच्या आडून कागदाने नीट झाका. नट जिथे घट्ट बसतात त्या खाचा मात्र दोन्ही पद्धतींत कोऱ्या ठेवायच्या, तिथे रबराचा थर गेला तर नट ढिले पडू शकतात. टायर झाकायला पत्त्यांच्या जुन्या कॅटसारखं साधन नाही. टायर आणि रिम यांच्या फटीत एकेक पत्ता उभा खोचत, एकावर एक थोडा चढवत गोल पूर्ण करा. एका चाकाला पंचवीस-तीस पत्ते लागतात. (हा कॅट पुन्हा रमीला मिळत नाही, घरात आधी विचारून घ्या.)

आता फवारा. डबा मिनिटभर खडखडून हलवा आणि आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. नोझल रिमपासून १५ ते २० सेंटीमीटर लांब. हात सुरू करायचा तो रिमच्या बाहेरून, आणि थांबवायचाही पलीकडे बाहेर. चाकावरच थांबलात की ओघळ आलाच. पहिला हात अगदी विरळ हवा. पाटावर रांगोळी भुरभुरावी तसा, खालची चांदी निम्मी दिसत राहील इतका. तो बघून जीव खट्टू होतो आणि बोट आपोआप नोझलवर जातं, पण थांबा. याच हातावर पुढचे सगळे हात टेकणार आहेत. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा हात, मग तिसरा. तिसऱ्यापासून फवारा भरपूर ठेवायचा : पृष्ठभाग क्षणभर ओला चमकला पाहिजे, पण वाहता कामा नये. आऱ्यांच्या कडा समोरून दिसत नाहीत म्हणून सुटतात. खाली बसून डावीकडून, उजवीकडून, खालून मारा.

तिसऱ्या हातानंतर रंग पूर्ण झाल्यासारखा दिसतो. माझं चौथं चाक इथेच फसलं. पाच हात किमान, सहा झाले तर बरंच. १४-१५ इंची एका चाकाला जवळपास एक डबा जातो, तेव्हा चार चाकांना चार डबे धरूनच दुकानात जा.

शेवटचा हात ओला असतानाच पत्ते आणि मास्किंग टेप काढा. वाळल्यावर ओढलात तर टेपबरोबर रिमच्या कडेची कातडीही उचलली जाते. चार तासांत रंग हाताला कोरडा लागतो, पण गाडी एक दिवस तरी जागेवरच ठेवा आणि आठवडाभर धुऊ नका. ओघळ आलाच तर ओल्या रंगाला बोट लावायचा मोह टाळा. वाळू द्या, अगदीच खटकला तर तेवढं चाक सोलून पुन्हा मारा.

लोगोची तऱ्हा वेगळी आणि गमतीची. अक्षरांभोवती बारीक टेप कापत बसायचं नाही. दोन-तीन सेंटीमीटर सोडून टेपची चौकट करा, तिच्याबाहेर वर्तमानपत्र लावा आणि मधला चौकोन सरसकट काळा करा. चौकट ओल्यातच काढा. रंग पूर्ण वाळला, की चौकोनाचा कोपरा नखाने उचलून हळूहळू ओढा. अक्षरांच्या कडेशी कातडी आपसूक तुटते. जिथे तुटत नाही तिथे टूथपिकने अक्षराच्या बुडाशी दाबायचं. ब्लेड लावलंत तर गाडीच्या मूळ रंगावर कायमची रेघ उठेल. ‘ए’ आणि ‘ओ’च्या पोटातले तुकडेही टूथपिकनेच निघतात.

नंतरची निगा साधी. साबण-पाणी पुरे, पॉलिश नको. पेट्रोल आणि रॉकेल दोन्हींनी हे रबर विरघळतं, आणि डांबराचे डाग काढायला गाडी धुणारे हमखास तेच वापरतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. प्रेशरचं पाणी कडांवर जवळून मारू देऊ नका.

दोन-तीन वर्षांनी रंग उतरवायचा झाला, तर गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा. कोमट रबर लवचीक होतं. कडेपाशी बोटाने चोळून एक टोक सोडवा आणि सावकाश, बेताच्या कोनात ओढा. जाड थर आऱ्याच्या आकारासकट हातमोज्यासारखा निघून येतो. पातळ थर टिकलीएवढ्या तुकड्यांनी निघतो, आणि त्यावर उपाय नखं नव्हेत : चाक पुसून त्यावर आणखी चार भरपूर हात मारायचे, एक दिवस वाळू द्यायचे आणि नव्यासकट जुनं सोलून काढायचं. मला हे त्या रविवारी संध्याकाळी कळलं, शेवटचा आरा उरला होता तेव्हा.