सोलापुरात ऑक्टोबरचे पक्षीनिरीक्षण : दोन दिवसांचा बेत

स्थलांतरित पक्षी म्हटले की सोलापूरकराला आधी उजनी आठवते. परंतु ऑक्टोबरमधला एकच शनिवार-रविवार हाताशी असेल, तर उजनीचा मोह आवरून माळाची वाट धरावी. चांगल्या पावसानंतर जलाशय तुडुंब असतो आणि काठचा चिखल उघडा पडलेला नसतो, त्यामुळे चिखलात चोच खुपसून चरणाऱ्या पक्ष्यांना तेथे फारशी जागा मिळत नाही. पट्टकदंब हंसही थंडी पडू लागल्यावरच येतात. माळावर मात्र याच सुमारास गवत पिवळे पडते, नाकतोड्यांची चंगळ असते आणि ते टिपणारे भोवत्या हे शिकारी पक्षी उत्तरेकडून दाखल होऊ लागतात.

शनिवारी दुपार कलताना बार्शी रस्त्यावरील नान्नज गाठावे. १९७९ साली घोषित झालेल्या येथील माळढोक पक्षी अभयारण्यात जाण्याचे नियम वनविभागाकडून आधीच जाणून घ्यावेत. माळढोक दिसेल या आशेवर मात्र जाऊ नये. तो आता अतिशय दुर्मीळ झाला आहे. सूर्य पाठीशी घेऊन, गवतात न शिरता, वाटेवरच थांबावे. भोवत्या गवताला जवळजवळ चाटून, पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उचलून तरंगत जातो, एवढ्यावरून तो घारीपासून सहज वेगळा ओळखता येतो. पंखाच्या वरच्या बाजूस आडवी काळी पट्टी असलेला राखाडी नर माँटेग्यूचा भोवत्या. ती पट्टी नसून पंखाच्या टोकाशी काळी निमुळती पाचर असेल, तर तो पांढुरका भोवत्या. तपकिरी माद्यांची जात ठरवताना अनुभवी निरीक्षकही अडखळतात, तेव्हा वहीत नुसते ‘भोवत्या, मादी’ लिहिणेच प्रामाणिकपणाचे. सूर्यास्ताच्या सुमारास हे पक्षी रातथाऱ्यासाठी गवतात जमिनीवरच उतरतात. तेथे बॅटरीचा झोत टाकू नये आणि ती नेमकी जागा समाजमाध्यमांवर जाहीर करू नये.

रविवारी उजाडताच तुळजापूर रस्त्यालगतच्या हिप्परगा तलावावर जावे. ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची) दुर्बीण येथे पुरेशी ठरते. ओलसर काठावर पिवळा धोबी शेपूट वरखाली हलवत चालतो, तर तुतवार हा काठावरचा छोटा पक्षी सगळा पार्श्वभाग झुलवतो. दोघांना एकदा शेजारी पाहिले की घोटाळा होत नाही. परतताना कणसांत आलेल्या बाजरीच्या शेतांवर नजर ठेवावी, कारण गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या पावसाळा सरण्याआधीच आलेल्या असतात आणि त्यांचा थवा राखणदाराच्या गोफणीने उठला, तर दुर्बिणीचीही गरज उरत नाही.