‘ओव्हरग्रो’ हे क्रियापद वाक्यात कसं बसवावं?

पावसाळा सरल्यावर गावाकडचं बंद घर उघडलं की अंगण दिसतच नाही. कमरेएवढं गवत, पायऱ्यांच्या फटींतून उगवलेला टाकळा, तुळशीवृंदावनावर चढलेला वेल. आपण सहज म्हणतो, ‘अंगणात गवत माजलंय.’ हेच इंग्रजीत सांगायचं झालं की पुष्कळ जण ‘द ग्रास हॅज ओव्हरग्रोन’ असं म्हणतात. अर्थ पोचतो, पण वाक्य अवघडल्यासारखं वाटतं.

आधी रूपं पाठ करा: ओव्हरग्रो, ओव्हरग्र्यू, ओव्हरग्रोन. ‘ग्रो’ जसं चालतं तसंच हे चालतं. रोजच्या वापरात तिसरं रूपच सर्वांत जास्त भेटतं, म्हणून ते आधी पक्कं करा.

आता खरी मेख. मराठीत माजतं ते गवत, आणि जागा मागे राहते: अंगणात, बुरुजावर, वाटेवर. इंग्रजीत जागाच पुढे येते. म्हणून मराठी वाक्यातला ‘-त’ किंवा ‘-वर’ लागलेला शब्द शोधा, प्रत्यय काढा आणि तोच शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. मग ‘इज ओव्हरग्रोन विथ’, आणि शेवटी वनस्पती. ‘अंगणात गवत माजलंय’ म्हणजे ‘द यार्ड इज ओव्हरग्रोन विथ ग्रास’. ‘बुरुजावर झुडपं माजलीत’ म्हणजे ‘द बॅस्टियन इज ओव्हरग्रोन विथ श्रब्ज’. अशी पाचदहा वाक्यं स्वतःच्या परिसराकडे बघून तयार करा. हात बसतो.

वनस्पतीलाच कर्ता करायचं असेल, तर तिने काय झाकलं ते सांगा. अमेरिकेतल्या कुडझू वेलाचं उदाहरण घ्या. हा जपानी वेल 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडला गेला. पुढे 1930 च्या दशकात जमिनीची धूप थांबावी म्हणून सरकारनेच तो लावायला प्रोत्साहन दिलं, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत त्याने झाडं, खांब, पडकी घरं गिळून टाकली. तिथे ‘कुडझू ओव्हरग्र्यू द ओल्ड बार्न’ हे वाक्य चपखल बसतं.

नामाआधीही हा शब्द शोभतो: ‘अॅन ओव्हरग्रोन पाथ’ म्हणजे रान माजलेली पायवाट. ‘अॅन ओव्हरग्रोन हेज’ म्हणजे मात्र छाटणीविना वाढलेलं कुंपण. इथे वाढली आहे ती वनस्पतीच, हा फरक ध्यानात ठेवा.

या शब्दात हेळसांडीची छटा असते. ज्वारी जोमाने फोफावली, हे कौतुकाने सांगताना तो वापरू नका. तिथे ‘थ्राइव्ह’ बरा.

माणसाच्या बाबतीत तर फारच जपा. ‘तो माजलाय’ याचा अर्थ ‘ही इज ओव्हरग्रोन’ असा होत नाही. ‘अॅन ओव्हरग्रोन स्कूलबॉय’ म्हणजे वयाने वाढलेला, पण वागण्यात पोरकट राहिलेला माणूस. माजासाठी ‘अॅरोगंट’ आहे.

आणि मुलीला गेल्या वर्षीचा गणवेश तोकडा झाला, तर क्रियापदच बदलतं: ‘शी हॅज आउटग्रोन हर युनिफॉर्म’.