किट कारसाठी स्वस्त टर्बो इंजिन कसं निवडायचं

इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजमध्ये किट कार, म्हणजे लोकॉस्ट किंवा सेव्हन टाइपची छोटी, हलकी दोन सीटची गाडी सुटे भाग जोडून बांधायला घेतलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो की जास्त पॉवर कुठल्या इंजिनात मिळेल. माझ्या मते हे सगळ्यात शेवटी बघायचं. तयार गाडीचं वजन भरतं साधारण ६०० किलो, त्यात १५० हॉर्सपॉवर टाकली तरी टनाला २५० होतात, रस्त्यावर याहून जास्त लागतच नाही. पैसा इंजिनात जात नाही, ते बसवून चालू करण्यात जातो, म्हणून सुटं इंजिन शोधू नका, इंजिन चालू असलेली अख्खी ठोकलेली गाडी शोधा.

कारण सुट्या इंजिनाबरोबर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) येत नाही, आला तर चावी नसते, चावी असली तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) मीटरच्या डब्यात राहिलेला असतो, मग एकेक वस्तू गोळा करता करता इंजिनाच्या दुप्पट खर्च होतो. अख्ख्या गाडीत वायरिंग, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा), एअरफ्लो सेन्सर, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा पेडल सगळं एकमेकांशी जुळलेलंच मिळतं, आणि उरलेले दरवाजे, सीट, चाकं विकून बरेचसे पैसे परतही येतात. ब्रिटनमध्ये २०१७ पासून इन्शुरन्सने सोडलेल्या गाड्यांना एस (सांगाड्याला मार) आणि एन (सांगाडा शाबूत) असे शिक्के असतात, हे दोन्ही आपल्या कामाचे. बी शिक्क्याची गाडी परत रस्त्यावर येत नाही, ती लायसन्सवाल्या ब्रेकरकडेच (गाड्या खोलून पार्ट विकणाऱ्याकडे) जाते, तिचे पार्ट मात्र वापरता येतात.

इंजिन कुठलं म्हणाल तर मी फोक्सवॅगन ग्रुपचं १.८टी घेईन. १७८१ सीसी, २० व्हॉल्व्ह, लोखंडी ब्लॉक, गोल्फ, ऑक्टाव्हिया, लिऑन, ए३, पसाट सगळीकडे हेच बसवलंय त्यामुळे पार्ट मुबलक. आपल्याकडे भारतात विकलेल्या पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्येही हेच होतं. २२५ हॉर्सपॉवरवाल्याच्या मागे लागू नका, साधं १५० वालं बघा, त्यातही एजीयू कोडचं मिळालं तर सोडू नका, त्याला थ्रॉटल केबलचा आहे म्हणजे वायरिंगची डोकेदुखी कमी. निसानचं एसआर२०डीईटी चांगलंच, पण ड्रिफ्टवाल्यांनी भाव चढवून ठेवलेत. व्होल्वो ९४० चं टर्बो दणकट आणि मागच्या चाकांचं, पण उंच आणि जड, सेव्हनच्या बॉनेटखाली मावणं मुश्किल.

आता गिअरबॉक्स. गोल्फमधलं इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं फिरवतं, ते सेव्हनमध्ये मागची चाकं फिरवायला गाडीच्या लांबीत बसवायचं तर अॅडॉप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी), वेगळा गिअरबॉक्स, क्लचची जुळवाजुळव आलीच. हे नको असेल तर इंजिन मागे असलेली किट घ्या आणि इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट असा गठ्ठाच उचलून सीटच्या मागे ठेवा. मला विचाराल तर कमी पैशात हाच रस्ता बरा, गोल्फचा गिअर केबलवर चालतो त्यामुळे लांब केबल टाकून काम होतं.

गाडी बघायला जाताना आधी फोन करून सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्यावर हात लावून गार आहे ना बघा, मगच स्टार्ट. निळा धूर आला किंवा ऑइल प्रेशरचा दिवा लवकर विझला नाही तर तिथेच थांबा. तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवा, काळा चिकट गाळ असेल तर नको, खास करून ए४ आणि पसाटमध्ये, त्यांच्यात तेल कमी मावतं आणि ऑइल पिकअपची जाळी चोंदते. मग टर्बोचा हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा किंचित हलला तर चालतं, आतबाहेर खटखट हलता कामा नये, आणि पात्यांच्या कडा घासलेल्या नकोत. पाइपमध्ये तेलाचा पातळ थर असतोच, त्याला घाबरू नका. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक कराच, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. फाटलेला डायव्हर्टर व्हॉल्व्ह (टर्बोची जास्तीची हवा सोडणारा), तडकलेल्या व्हॅक्यूम नळ्या, मेलेला कॉइल पॅक (स्पार्क प्लगला करंट देणारा) हे सगळं भाव पाडायला उत्तम. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप मात्र नवीन टाकायचेच, हा खर्च आधीच धरा.

जागा मोजताना टर्बो कुठल्या बाजूला येतो आणि स्टिअरिंगचा दांडा कुठून जातो हे टेप घेऊन बघा. टर्बोतून तेल परत नेणारा पाइप सरळ खाली उतरून चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर लागला पाहिजे. कमी उंचीच्या गाडीत चेंबर कापून उथळ करतात तेव्हा हेच बिघडतं, तेल टर्बोत साठून सीलमधून बाहेर येतं, धूर निघतो, आणि लोक चांगला टर्बो फेकून नवा आणतात.

कागद जपा. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी जी सरकारी तपासणी होते त्या आयव्हीए टेस्टमध्ये धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते, ते वय सिद्ध करायला इंजिन नंबर आणि डोनर (इंजिन जिच्यातून काढलं त्या) गाडीचे पेपर लागतात, त्यामुळे शेल (उरलेला सांगाडा) भंगारात देण्याआधी सगळ्याचे फोटो काढून घ्या. भारतात कोणी हा विचार करत असेल तर आधी आरटीओकडे चौकशी करा, घरी बांधलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन तिथे फार अवघड आहे.

आणि इंजिन उतरवताना वायरिंग कापू नका, एकही वायर नाही. प्रत्येक कनेक्टरवर चिठ्ठी लावा, लूम (सगळ्या वायरिंगचा जुडगा) अख्खा बाहेर काढा, आणि इंजिन बाहेर जमिनीवर त्याच लूमवर एकदा चालू करून बघा, मगच चासीत बसवा.