तुलाम्बेनचं ‘लिबर्टी’ बघायला जाताय? मग या चुका टाळा

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचं तुलाम्बेन ओळखलं जातं ते तिथल्या बुडालेल्या ‘लिबर्टी’ जहाजासाठी. जहाज किनाऱ्यापासून जेमतेम तीसेक मीटरवर आहे, बोटसुद्धा लागत नाही. नेमकं हेच नडतं. सोपं आहे म्हणून लोक स्कूबा डायव्हिंगची तयारीच करत नाहीत.

मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाने धरून फिरवलं म्हणजे आपल्याला डायव्हिंग आलं, ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. तो अनुभव छानच असतो, पण तो परवाना नव्हे. जहाजाचा वरचा भाग साधारण ५ मीटरवर आहे आणि खालचा जवळपास ३० मीटरपर्यंत जातो. ‘ओपन वॉटर’ या डायव्हिंगच्या पहिल्या परवान्याची मर्यादा १८ मीटर. परवाना नसेल तर प्रशिक्षकासोबत फक्त वरचा भाग बघा. तोही पोटभर आहे.

दुसरी चूक म्हणजे गोष्ट न वाचताच पाण्यात उतरणं. मग खाली नुसतं गंजलेलं लोखंड दिसतं. हे अमेरिकी लष्कराचं मालवाहू जहाज, १९१८ साली बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धात झपाट्याने बांधलेल्या ‘लिबर्टी शिप’ प्रकारातलं ते आहे असं अनेक जण सांगतात, ते चूक. रेल्वेचं सामान आणि रबर घेऊन ते ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघालं होतं. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोक सामुद्रधुनीजवळ आय-१६६ (तेव्हाची आय-६६) या जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो डागला. एक अमेरिकी आणि एक डच विनाशिका त्याला सिंगाराजा बंदराकडे ओढून नेऊ लागल्या, पण पाणी फार भरलं. शेवटी ते तुलाम्बेनच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथे ते २१ वर्षं पडून होतं आणि उपयोगाचं सामान लोकांनी काढून नेलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला, हजाराहून अधिक माणसं गेली आणि त्या हादऱ्यांनी जहाज समुद्रात सरकलं. म्हणूनच ते काळ्या वाळूच्या उतारावर, किनाऱ्याला जवळपास समांतर, कुशीवर पडलंय. हे ठाऊक असलं की खाली दिशा कळते: जो भाग भिंतीसारखा उभा वाटतो, तो मुळात डेक आहे.

धडपड होते ती मात्र पाण्यात जाताना. किनाऱ्यावर वाळू कमी आणि गोल, गुळगुळीत दगड जास्त. लाट मागे सरली की ते पायाखाली गडगडतात. फिन्स, म्हणजे पोहण्यासाठी पायात घालायचे पंखे, घालून चालायचा प्रयत्न करू नका. जाड तळव्याचे बूट घाला, फिन्स हातात धरा, दोन लाटांमधली उसंत बघून उतरा आणि कमरेइतक्या पाण्यात पोहोचल्यावर फिन्स चढवा. लाटा मोठ्या असतील तर डायव्हमास्टर, म्हणजे सोबतचा वाटाड्या, थांबा म्हणाला की थांबायचं, हुज्जत घालायची नाही.

कान दुखायला लागल्यावर मोकळे करणं, हीही नेहमीची चूक. दाबातला फरक प्रमाणाने सगळ्यात मोठा असतो तो पहिल्या दहा मीटरमध्ये, तिथे दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. पहिल्या मीटरपासूनच, दुखायच्या आधी, नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. जमलं नाही तर मीटरभर वर या. जोर लावू नका. सर्दी असेल तर डायव्ह रद्द करा.

सांगाड्याला मोठी भगदाडं आहेत, आत शिरायचा मोह होतो. प्रशिक्षणाशिवाय शिरू नका. एका फिनच्या फटक्याने गाळ उठला की बाहेरची वाट दिसेनाशी होते. आधाराला लोखंड धरण्याआधीही नीट बघा, कारण स्कॉर्पियनफिश हुबेहूब गंजासारखा दिसतो आणि त्याचे काटे विषारी असतात. शिवाय तुम्ही जिथे हात टेकाल तिथे कित्येक वर्षं वाढलेलं प्रवाळ असतं.

गर्दी टाळायची तर पहाटे उतरा. दक्षिण बालीहून दिवसभराच्या सहलीला येणारे नंतर पोहोचतात. वर परतताना शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायचा ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा चुकवू नका.

शेवटची चूक भलत्याच ठिकाणी होते: गाडीत. डायव्हनंतर विमानासाठी १८ तास थांबायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बालीतल्या उबुद गावाला परतताना किंतामणीचा डोंगरी रस्ता धरला तर तुम्ही साधारण १५०० मीटर उंचीवर जाता. दुसऱ्या पहाटे १७१७ मीटरचा बातूर ज्वालामुखी चढायचा बेत असेल तर तेच. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे विमानासारखंच या दोन्हींत शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. बातूर आधी चढा, डायव्ह नंतर करा. आणि परतीला अमलापुरामार्गे कमी उंचीच्या रस्त्याने न्यायला गाडीवाल्याला निघतानाच सांगून ठेवा.