नऊवारी, फेटा आणि चैत्रातलं ऊन: डोंबिवलीच्या स्वागतयात्रेला जाताना

गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने 1999 साली सुरू केली. फडके रोडवर त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नसते आणि हवा दमट असल्याने आठ वाजायच्या आतच घाम फुटतो. त्यामुळे खरी तयारी घरातच करावी लागते.

कपडे. पैठणी दुपारच्या जेवणासाठी ठेवा. घामाचे डाग रेशमावरून सहज जात नाहीत. यात्रेला सुती नऊवारी बरी. आत घोट्याच्या वर राहील अशी सुती लेगिंग घाला. साडी नेसताना जी चप्पल घालून चालणार तीच पायात असू द्या, नाहीतर सोगा लांब राहून पायात येतो. काष्टा खोचला की एकदा खाली बसा, मग जिन्याच्या चार पायऱ्या चढा. ओढ बसली तर काष्टा घट्ट झालाय, तो आत्ताच सैल करा. रस्त्यात आडोसा मिळत नाही. नवी कोल्हापुरी आदल्या आठवड्यात घरात वापरून घ्या.

तयार शिवलेला फेटा घामाने कपाळावर घसरतो. आत सुती रुमालाची घडी ठेवली की तो जागेवर राहतो.

खाणं-पाणी. गुढी उभारून निघा. कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा, हिंग आणि भिजवलेली हरभरा डाळ वाटून केलेली चटणी चमचाभर पुरते, पण तेवढ्यावर तीन तास उभं राहू नका. पोहे किंवा उपमा खा, श्रीखंड-पुरी परतल्यावर. माणशी एक लिटर पाणी घ्या आणि तहान लागायची वाट न पाहता घोट-घोट पीत राहा. कैरीचं पन्हं न्यायचं तर चिमूटभर मीठ घालून, थर्मासमधून.

पोहोचणं. जलद लोकलही डोंबिवलीला थांबतात. फडके रोड पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. रिक्षाच्या नादी लागू नका, आजूबाजूचे रस्ते बंद असतात. गर्दीत फोन लागेलच असं नाही, म्हणून चुकल्यास कुठे भेटायचं ते आधी ठरवा आणि मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

उभं कुठे राहायचं? सूर्य ज्या इमारतींच्या मागे असेल, त्यांच्याच कडेला. समोरची बाजू फोटोला छान वाटते, पण तिथे ऊन थेट तोंडावर येतं. ढोल-ताशा पथकाच्या दोराच्या आत शिरू नका: टिपरू लागतं, शिवाय वादकांचा ताल चुकतो तो वेगळाच. तान्ह्या बाळांना पथकापासून लांबच ठेवा. पालखी आली की बाजूला सरून वाट द्या, तिच्यासमोरून सेल्फीसाठी आडवं जाऊ नका.

चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर फेटा काढा, सावलीत बसा, मान ओल्या रुमालाने पुसा. थोड्या वेळात बरं वाटलं नाही किंवा बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना गाठा.

आणि संध्याकाळी सूर्यास्ताआधी गुढी उतरवायची असते. दमून झोप लागली की नेमकं तेच राहून जातं, म्हणून गजर लावा.