वणव्यापासून घर वाचवायचंय? मग या चुका टाळा

जानेवारी सरला की सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं, गवत कडकडीत वाळतं आणि कोकणातली माणसं डोंगराकडे बघत बसतात. अहो, जरा अंगणाकडे बघा. वणवा डोंगरावरून येतो, पण घर बहुतेक वेळा पेटतं ते घराला चिकटून ठेवलेल्या सामानामुळे.

पहिला मान लाकूडफाट्याचा. पावसाळ्याची बेगमी म्हणून लाकडं मागच्या पडवीत छपरापर्यंत रचायची. का, तर हाताशी राहतात! दापोलीकडे एका मुंबईकरांनी माणसं लावून कुंपणाबाहेर चांगली रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून किंवा जाळून मोकळा केलेला पट्टा, काढून घेतली होती. काम झकास. भर दुपारी वणवा आला, रेषेपाशी थांबला, आणि सगळे चहाला बसले. थोड्या वेळाने पडवीतून धूर. वाऱ्यावर उडालेली ठिणगी कौलांच्या सांदीत साचलेल्या आंब्याच्या पाल्यात धुमसत होती, ती पेटता पाला घेऊन थेट लाकडांवर पडली. वासे, रिपा, सगळं धडधडलं. पंप लावायला धावले तर वीज गेलेली. जाळरेषेवर खर्च केला, पण पन्हळीतला नि कौलांवरचा पाला काढायला शिडी कोणी लावली नाही.

माझी पद्धत साधी. लाकडं आणि पेंढ्याची उडवी घरापासून, गोठ्यापासून किमान तीस फूट लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला कधीच नाही, कारण आग चढाला धावते. भिंतीलगत पाच फुटांत नुसती माती किंवा चिरे. कौलांवरचा पाला दर पंधरा दिवसांनी उतरवायचा. कंटाळा येतो, येऊ दे.

बेणणी, म्हणजे गवताची साफसफाई, केली, पण कापलेलं गवत तिथेच टाकलं? मग आगीला आयतं जळण दिलंत. तेही मार्चच्या उन्हात ग्रासकटर लावून! पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. हे काम डिसेंबरातच उरकावं, गवतात थोडी ओल असते.

सगळ्यात जास्त चीड येते ती काडी ओढून जाळरेषा करणाऱ्या घाईबाजांची. यूट्यूबवर बघून येतात आणि दुपारी बाराला सुरुवात करतात, नेमका खारा वारा सुटायच्या वेळी. जाळायचंच असेल तर सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, जाणती चार माणसं, भरलेली पिंपं आणि ओल्या डहाळ्या घेऊन. राब, म्हणजे पेरणीआधी शेतात पसरलेला पालापाचोळा, भाजतानाही हाच नियम, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या.

बाकी किरकोळ: छपराला टेकलेल्या फांद्या तोडा. रॉकेल, रंगाचे डबे पडवीत नकोत. हौसेचा झावळ्यांचा मांडव फेब्रुवारीआधी उतरवा. पिंपं कायम भरलेली ठेवा, पंपावर विसंबू नका. आणि धूर दिसताच व्हिडिओ काढत बसण्याआधी वनविभागाच्या 1926 वर फोन लावा.