पितळी भांडी उजळताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की कोकणात माळ्यावरच्या समया, घंटा, तपेली आणि पराती खाली उतरतात आणि सगळ्यांना सरसकट चिंचेचे नाहीतर आमसुलाचे पाणी लावले जाते. बहुतेक बिघाडांचे मूळ या घाईतच असते, म्हणून घासायला बसण्यापूर्वी भांडी वेगळी करावीत. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड असून वर नुसता मुलामा आहे असे समजावे. असे भांडे आंबटात भिजत ठेवू नये. टिचकी मारल्यावर नाद बराच वेळ घुमत राहिला तर ते बहुधा कासे असते. ते ठिसूळ असल्याने आपटल्यास पोचा न येता थेट तडा जातो. कल्हई केलेल्या भांड्याला आतून राख किंवा तारेची घासणी लावू नये, कारण कल्हईचा थर अगदी पातळ असतो.

समईवर डाग राहिले की लोक आंबट वाढवतात. खरे तर दोष तेलाच्या चिकट्याचा असतो. तेलाखाली आंबट पोहोचतच नाही, म्हणून आधी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा वापरून चिकटा काढावा आणि मगच आमसूल लावावे. नक्षीच्या खाचांत नारळाची शेंडी पुरते. रांगोळीने घासल्यास नक्षी झिजते.

भांडे रात्रभर आंबटात ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबटात फार काळ राहिल्यास पृष्ठभागातले जस्त निघून जाते आणि तांबे मागे उरून गुलाबी चट्टे पडतात. हे चट्टे धुऊन जात नाहीत, बारीक राखेने हळूहळू घासून तो थरच काढावा लागतो. एरवी काही मिनिटे पुरेशी असतात.

दुसऱ्याच दिवशी हिरवी झाक दिसली, तर खाचांत मीठ किंवा आंबट उरले आहे असे समजावे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी पुष्कळदा मचूळ असते, तेव्हा शेवटचे धुणे पागोळीखाली धरलेल्या पावसाच्या पाण्याने करावे आणि भांडे निथळत न ठेवता लगेच सुती फडक्याने पुसून चुलीच्या उबेला ठेवावे. आत हिरवी झाक असलेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकणारच.

भांडी गोठ्यावरच्या माळ्यात ठेवू नयेत. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यात ठेवली असता तडकत असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण यांमुळे हे घडते, असा उलगडा १९२१ मध्ये झाला. गोठ्यातही अमोनिया असतो, आणि ठोकून घडवलेल्या तपेल्यातही असा ताण राहिलेला असू शकतो.